जामसरची माती आणि बाईंची सायकल

आमच्या केंद्रप्रमुख बाई जव्हारच्या बाजारात वांगी घ्यायला उभ्या राहिल्या की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "टोपलीतलं सगळ्यात वाईट वांगं कोणतं, ते काढ." नवी भाजीवाली असली तर तिला वाटायचं, बाई भाव पाडायला बघतायत. जुन्या बायका मात्र मुकाट्याने तळातलं वाकडंतिकडं वांगं काढून समोर धरायच्या. बाई ते उलटंपालटं करून बघायच्या आणि तेवढं चालण्यासारखं निघालं तर बाकीची न निवडताच पिशवीत भरायला सांगायच्या. "वरची वांगी बघून सगळेच फसतात," असं वर आम्हाला ऐकवायच्या.

साऱ्या जगाशी त्यांचा असाच व्यवहार होता. वस्तूला आधी तिचा सगळ्यात वाईट दिवस दाखवायचा, मग घरी आणायची. छत्री घ्यायची असेल तर दुकानात उघडून बघणार नाहीत, शेजारच्या हॉटेलाच्या पन्हाळीखाली धरून उभ्या राहतील. चपला पायात चढवून समोरच्या गटाराच्या कडेने, ओल्या शेवाळावरून एक फेरी मारून येतील. पेन असेल तर आधी टोक खाली करून फरशीवर टाकतील आणि मग लिहून बघतील. आमच्या स्टेशनरीवाल्याने शेवटी त्यांच्यासाठी थोडी पेनं वेगळीच ठेवली होती, आधीच पडलेली.

माणसांनाही यातून सूट नव्हती. मी नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले तो आषाढ होता. मी घाटावरची, डांबरी रस्त्याच्या कडेला वाढलेली. बाईंनी पहिल्याच दिवशी मला वांगणीच्या पुढे, ओढ्यापलीकडच्या पाड्यावर चालत नेलं. गुडघ्याएवढा चिखल, वर धो धो पाऊस, माझी एक चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. एका बांधावर बसून मी चक्क रडायला लागले. बाईंनी पर्समधून गूळशेंगदाण्याची पुडी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "रडून घ्या. नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस आज उरकला, आता पुढे सगळं बरंच आहे." पुढे याहून वाईट दिवस पुष्कळ आले, तो भाग वेगळा. पण त्याच पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मी राहिले आणि बदली मागितली नाही, याचं कारण ती पुडी असावी.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. जव्हारमध्ये कुणी ना कुणी तरी हळूच चौकशी करायचंच. बाई अजिबात चिडत नसत. "आली होती की स्थळं. प्रत्येकाला वाईट दिवस दाखवला. एकही टिकलं नाही," एवढं सांगून त्या विचारणाऱ्यालाच चहा पाजायच्या.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे मधलं. एसटीत बसणार तर मधल्या बाकावर. चहा ना कडक ना फिका. साडी घ्यायची तर दुकानदाराला म्हणणार, सगळ्यात भारी दाखवा, सगळ्यात हलकी दाखवा, आणि मग दोन्ही बाजूला सारून मधली उचलणार. "वरचं मिरवायला, खालचं रडायला, मधलं वापरायला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनी तोंड उघडलं की मीच ते पुरं करायचे. त्यांनाही त्याचा राग नव्हता. उलट, मी पुरं केलं की त्या समाधानाने मान हलवायच्या, पाढा बरोबर म्हणणाऱ्या पोरीकडे बघून हलवावी तशी.

तर अशा या बाई एका उन्हाळ्यात जीपमधून पडल्या.

आमच्याकडच्या जीपा भरल्याशिवाय हलत नाहीत आणि भरल्या की मग त्यांत माणसं बसत नाहीत, अडकतात. बाई मागच्या फाळक्याशी अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा अडकल्या होत्या. एका खड्ड्यात जीप उडाली आणि बाई सुटल्या. मनगट मोडलं. प्लास्टर घालून त्या तिसऱ्या दिवशी पुन्हा पाड्यावर हजर झाल्या, पण तोवर बातमी वर पोचली होती.

गटशिक्षणाधिकारी साहेब नवे होते. वयाने बाईंपेक्षा पुष्कळ लहान, स्वभावाने चांगले. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्यांनी बाईंना जव्हारच्या ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली आणि मऊ आवाजात सांगितलं की आता या वयात त्यांनी पाडे फिरू नयेत. ऑफिसात एक टेबल रिकामं आहे, ऑनलाइन माहिती भरायचं काम आहे, पंखा आहे. दिवाळीनंतर तशी ऑर्डर काढतो.

बाई जव्हारच्याच आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. मी भात टाकायला उठले तर म्हणाल्या, "नको, भूक नाही." ज्या बाईला भूक नाही असं मी ऐकलंच नव्हतं, ती असं म्हणाली म्हणून मी गॅस बंद करून समोर बसले.

"निवृत्तीला थोडी वर्षं राहिली माझ्या," त्या म्हणाल्या. "ती मी पंख्याखाली बसून पोरांची आकडेवारी भरायची? पोरांचे आकडे? मला त्या पाड्यांवरचं प्रत्येक पोर नावानिशी ठाऊक आहे. कुणाची आई वीटभट्टीवर गेली की कोण पोर शाळेत दिसणार नाही, हे मला त्यांच्या आज्यांच्या आधी कळतं. माझं घर तिकडे आहे हो. इथे जव्हारला नुसती ट्रंक आहे."

मी म्हटलं, "मग साहेबांना तसं सांगा."

"सांगितलं. त्यांनी अट घातली." अट सरळ होती. पाऊस संपता संपता साहेब स्वतः एका सकाळी माझ्या पाड्यावरच्या शाळेला भेट देणार. बाईंनी कुणाच्या गाडीत न बसता, स्वतःच्या बळावर, सकाळचा राष्ट्रगीताचा परिपाठ सुरू व्हायच्या आत शाळेत पोचून दाखवायचं. दिसल्या तर टेबलाचा विषय कायमचा बंद. नाही दिसल्या तर ऑर्डर.

"स्कूटी घ्या," मी म्हटलं.

"इंजिनावर माझा विश्वास नाही. ते आपल्याला न विचारता बंद पडतं." बाई उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती बाजारातली चमक आली होती. "सायकल घेते. टाका भात."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात सायकलींचा पूर आला. माझा नवरा मोखाड्याला पंचायत समितीत कारकून आहे आणि जगातल्या कुठल्याही यंत्रावर त्याचं मत तयार असतं. त्याने मोबाइलवर बाईंना डोंगरातून उड्या मारणाऱ्या सायकली दाखवायला सुरुवात केली. "बाई, शॉकअप पाहिजेच. जाड टायर पाहिजेत. आपला रस्ता आहे का, नुसते खड्डे आहेत." बाई एकेक व्हिडिओ शांतपणे बघायच्या आणि एकच विचारायच्या, "हा माणूस ऑफिसला कशावर जातो?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांना जव्हारच्या बाजारातून, रिक्षा-गुरं चुकवत ऑफिसलाही जायचं होतं, मोखाड्याचा डांबरी चढही चढायचा होता, आणि पुढे वांगणीकडे गेलं की रस्ता कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो ते ओढ्यालाही नक्की माहीत नसतं. या सगळ्याला मिळून एकच सायकल हवी होती, आणि ती त्यांच्या पगारात बसणारी.

शेवटी आम्ही तिघं मोखाड्यावरून एसटीने नाशिकला गेलो. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत घट्ट झाकणाची बरणी. मला वाटलं लोणचं असेल. कुणाकडे तरी द्यायचं असेल.

दुकान मोठं होतं, काचेचं, आत गारवा. एक पोरगेला विक्रेता पुढे आला. "मॅडम, वापर कशासाठी? सिटी, की ॲडव्हेंचर?"

"ॲडव्हेंचर म्हणजे?"

"म्हणजे शनिवार-रविवार कच्च्या रस्त्यावर वगैरे."

"आमच्याकडे ते सोमवारी सुरू होतं," बाई म्हणाल्या.

त्याने आधी अर्थातच लेडीज सायकल काढली. गुलाबी, पुढे बास्केट, दांडी खाली वाकलेली. बाईंनी तिच्यावर बसूनही पाहिलं नाही. त्या सायकलीच्या बाजूला गेल्या, वाकल्या आणि ती उचलून खांद्यावर घ्यायला लागल्या. विक्रेता धावला. "मॅडम, मॅडम, चालवून बघा ना."

"चालवायची ते नंतर. आधी उचलायची." बाईंनी ती खाली ठेवली. "हिला खांदा घालायला जागाच नाही. दांडीची दाखवा."

दुकानातली गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली होती. माझा नवरा एका हेल्मेटांच्या कपाटामागे जाऊन किमती वाचत उभा राहिला. पण मला ते एकदम पटलं. ओढ्याला पाणी असलं की सायकल बाईंना नेणार नाही, बाईंना सायकल न्यावी लागेल. आम्ही सगळे गिअर मोजत बसलो होतो आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग शॉकअपवाली आली. नवऱ्याच्या स्वप्नातली. बाईंनी ती जेमतेम कमरेपर्यंत उचलली. "हिला उचलायला दुसरी बाई ठेवावी लागेल." तरी नवऱ्याचं मन राखायला त्यांनी दुकानासमोर एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाल्या, "ही पुढे कमी नेते आणि खालीवर जास्त नेते. माझी अर्धी ताकद हिला पाळण्यात झुलवण्यात जाईल." त्यानंतर वाकड्या हँडलची रेसची सायकल आली. उचलायला कशी फुलासारखी, पण टायर नागलीच्या पापडाइतके पातळ. बाईंनी ते दोन बोटांनी दाबून पाहिले आणि त्या पोराकडे बघितलं. त्यानेच ती मागे नेली.

शेवटी त्याने कोपऱ्यातून एक करडी सायकल काढली. सरळ हँडल, दांडी आडवी, टायर ना जाड ना बारीक, शॉकअप नाही, ब्रेक चाकाच्या मधल्या चकतीवर. "ही हायब्रीड, मॅडम. शहरातही चालते आणि थोड्याफार कच्च्या रस्त्यालाही. किंमत मधली."

मधली म्हटल्यावर मी आणि बाईंनी एकमेकींकडे पाहिलं.

त्यांनी ती उचलली. खांदा दांडीखाली घातला, एका हाताने चाक धरलं आणि दुकानात आरशासमोरून चालत एक फेरी घातली. मनगटाला अजून कळ लागत असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग रस्त्यावर चालवली, समोरच्या उड्डाणपुलाचा चढ चढून परत आल्या. आल्यावर उलटतपासणी सुरू झाली. कॅरिअर बसेल का? मडगार्ड बसेल का, आणि टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाईल का? गिअर कमी असलेली नाही का, जेवढे कमी तेवढे बिघडायला कमी? ट्यूब जव्हारला मिळेल का? नाही म्हणता? मग दोन जास्तीच्या आत्ताच द्या.

पोरगा खूश झाला. त्याला वाटलं, झालं. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून बरणी काढली.

बरणीत आमच्याकडच्या जामसर गावची माती होती. भातखाचरातली, पाणी घालून कालवलेली, चिकट, लालसर. बाईंनी झाकण उघडलं, हात घातला आणि मूठभर चिखल त्या नव्या कोऱ्या सायकलीच्या मागच्या चाकावर, ब्रेकच्या चकतीवर, साखळीवर थापला.

"मॅडम! नवीन आहे ती!"

"म्हणूनच. जुनी झाल्यावर कळून मला काय उपयोग?"

आतून मालक बाहेर आले. पांढऱ्या मिशांचे, चष्मा कपाळावर. त्यांनी जमिनीवरचा चिखल पाहिला, बाईंचे कोपरापर्यंत भरलेले हात पाहिले. मी तर मनात नाशिकच्या पोलीस चौकीपर्यंत पोचले होते. मालक म्हणाले, "इथे नको. मागे नळ आहे, तिथे चला." आणि मागच्या अंगणात जाऊन ते स्वतः बादलीने पाणी ओतत उभे राहिले, बाई चिखल थापतायत, चाक फिरवतायत, ब्रेक दाबतायत, पुन्हा थापतायत. चाक अडलं नाही. ब्रेक कुरकुरला, पण लागला. बाईंनी हात धुतले आणि पदराला पुसत म्हणाल्या, "घेतली." मालकांनी मडगार्ड आपल्याकडून बसवून दिले.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. दांडीच्या सायकलीवर साडी चालेना. आणि बाईंनी जन्मात साडीशिवाय दुसरं काही नेसलं-घातलं नव्हतं. रविवारी मी त्यांच्यासाठी दोन पंजाबी ड्रेस आणले. सोमवारी त्या ते घालून, पाठीला दप्तर, सायकलवर जव्हारच्या बाजारातून ऑफिसला गेल्या आणि त्या दिवशी जव्हारात दुसरा विषय निघाला नाही. एका किराणावाल्याने म्हणे विचारलं, "बाई, या वयात?" बाई एक पाय टेकून थांबल्या. "अहो, या वयातच. तरुणपणी पाय होते, सायकलला पैसे नव्हते."

पहिले दोन-तीन आठवडे मात्र हाल होते. चढ आला की बाई उतरून सायकल ढकलत चालायच्या. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक पाड्यावरची म्हातारी त्यांना ओलांडून पुढे गेली आणि वळून म्हणाली, "बाई, सायकल आजारी हाय का काय?" बाईंनी तिला सांगितलं, "चढाला मी तिची, उताराला ती माझी." म्हातारी हसत हसत गेली आणि हे वाक्य तिने पाड्यावर पोचवलं. मग बाई दिसल्या की पोरं ओरडायची, "आता कोण कोणाची?" बाई हसायच्या, धापा टाकायच्या, पण बसायच्या नाहीत. हळूहळू एकेक चढ त्यांना सुटत गेला. आठवडे बाजाराच्या दिवशी त्या मोखाड्याला सायकलने जाऊन आल्या तेव्हा माझा नवरा ऑफिसातून बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होता, "सायकल मी निवडून दिली." मी काही बोलले नाही. घरी जायचं होतं.

पावसाळाभर त्या अशाच फिरल्या. जिथे पाणी तिथे सायकल खांद्यावर. दुपारी माझ्या शाळेत पोचायच्या, पोरांबरोबर खिचडी खायच्या, एकेकाला घंटी वाजवू द्यायच्या. पण परिपाठाच्या आत एकदाही नाही. जव्हारहून निघून, तो सगळा रस्ता तुडवून, सकाळच्या घंटेआधी पोचणं ही वेगळीच गोष्ट होती. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

आणि साहेबांनी निवडलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळला.

शाळा सुरू असली की मी आठवडाभर वांगणीतच एका खोलीत राहते, त्यामुळे मी सकाळी लवकर ओढा ओलांडून शाळेत आले होते. पाऊस थांबला होता, पण ओढा फुगत होता. भात पोटरीला आलेलं, सगळीकडे पाणी चकाकत होतं. मी अंगण झाडलं, पोरांची नखं बघितली, घंटा पुसली. माझं सगळं लक्ष पायवाटेकडे होतं.

पायवाटेवर माणूस दिसला. साहेब होते. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. "जीप ओढ्यावरच्या फरशी पुलावर अडकली," ते म्हणाले. "बंदच पडली. मी बॉनेटवरून उतरून अलीकडे आलो. ड्रायव्हर तिथेच आहे." मग त्यांनी मागे वळून पाहिलं. "बाईंचा काही निरोप?"

"नाही."

"पाणी वाढतंय हो. सायकल घेऊन कुठे येणार त्या?" ते काळजीनेच बोलत होते आणि तरी मला त्यांचा राग आला. असा राग आला की त्यांना पाणी द्यायचंही मी विसरले.

परिपाठाची वेळ झाली. मी घंटा दिली, हळूच दिली. पोरं रांगेत उभी राहिली. मी म्हटलं, हात पुढे. हात खाली. रांग सरळ नाही, पुन्हा हात पुढे. पुन्हा हात खाली. उंचीप्रमाणे उभे राहा. उभे होतेच. मग मुली इकडे, मुलं तिकडे. आता उलट.

"बाई," साहेब घड्याळाकडे बघत मला म्हणाले, "रांग सरळच आहे."

काय करणार? मी डोळ्यांतलं पाणी परतवलं आणि म्हटलं, "सावधान. राष्ट्रगीत सुरू कर."

पोरांनी सूर धरला. आणि समोरच्या बांधावर, अंगणाच्या बाहेर, बाई वर आल्या. चिंब भिजलेल्या, ड्रेसचा रंग ओळखू येत नव्हता, खांद्यावर सायकल. त्यांच्यामागे पलीकडच्या वस्तीवरची चार-पाच पोरं, दप्तरं डोक्यावर धरलेली. अंगणाच्या फाटकापर्यंत पाच पावलं असतील नसतील. त्यांनी राष्ट्रगीत ऐकलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. पोरंही थांबली. बाईंनी टाचा जुळवल्या, मोकळा हात मांडीला लावला आणि खांद्यावर सायकल तशीच ठेवून त्या ताठ उभ्या राहिल्या. पाणी गळत होतं. सायकलचं पुढचं चाक मात्र हवेत आपलं फिरत होतं. सगळं राष्ट्रगीत पोरांनीच म्हटलं.

"जय हे" झालं. बाई आत आल्या, सायकल भिंतीला लावली.

साहेबांनी घसा खाकरला. "बाई, परिपाठ सुरू झाला होता."

"झाला होता," बाई म्हणाल्या. धाप लागली होती, पण नजर खाली नव्हती. "मी उशिरा आले. खोटं बोलणार नाही. फरशीपर्यंत वेळेत होते. पण तिथे एक जीप रस्ता अडवून उभी होती, साहेब. सायकल घेऊन तिच्यावरून चढता येईना. मग वरच्या अंगाला कमरेभर पाण्यातून यावं लागलं. ही पोरंही तिथेच अडकली होती, ती एकमेकांना धरून माझ्यामागे आली."

साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पोरांमध्ये एक जण फिस्सकन हसला, मी त्याच्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी हातातल्या बुटांकडे आणि बांधावरून आलेल्या पोरांकडे पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "पलीकडच्या वस्तीची ही पोरं. राष्ट्रगीताला बांधावरच राहिली, त्यांची हजेरी तुम्ही कशी धरता?"

"पावसाळ्यात रोजच असतात, साहेब," मी म्हटलं. "राष्ट्रगीत कानावर आलं की असतील तिथे उभी राहतात. उभी राहिली की हजर. त्यांना उशीर म्हणायचा नाही, असं आम्ही धरतो."

"बरोबर धरता. माझी शाळाही डोंगरातच होती." त्यांनी बूट खाली ठेवले. "मग घ्या हजेरी."

मी हजेरी घ्यायला लागले. बांधावर उभ्या राहिलेल्या पोरांनी चिखलाच्या पायांनी रांगेत येऊन आपापलं नाव आलं की "हजर" म्हटलं. शेवटचं नाव झालं, मी थांबले.

"एक राहिलं," साहेब म्हणाले.

मी नुसतं म्हटलं, "बाई."

बाई मुलींच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. ओले केस मागे सारले, दोन्ही हात बाजूला घेतले, आणि ज्या आवाजाने आख्ख्या केंद्राला धडकी भरायची, तो आवाज पहिल्यांदाच कापला.

"हजर."